शौचाची मर्यादा कोठपर्यंत?

श्रीमद्भगवद्गीतेत ‘शौच’ हा शब्द पाच ठिकाणी आला आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना तो येतो. सोळाव्यात एकदा दैवी संपत्तीच्या गणनेत, आणि पुन्हा थोड्याच अंतरावर, आसुरी प्रवृत्तीच्या मनुष्यांत जे आढळत नाही ते म्हणून येतो. सतराव्यात शारीर तपामध्ये आणि अठराव्यात ब्राह्मणाच्या स्वभावज कर्मांत त्याची गणना केलेली आहे. ज्ञान, संपत्ती, तप आणि कर्म अशा चार निरनिराळ्या पंक्तींत एकाच शब्दाला पान मांडलेले असावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

या शब्दाचा अर्थ करताना श्रीमच्छंकराचार्यांनी तेराव्या अध्यायावरील भाष्यात त्याचे दोन भाग पाडले आहेत. माती व पाणी यांनी शरीराचा मल धुऊन काढणे हे बाह्य शौच, आणि रागद्वेषादिक मनाचे मल विरुद्ध भावनेच्या अभ्यासाने दूर करणे हे आंतर शौच. ज्ञानदेवांनी याच स्थळी कापराचा दृष्टान्त घेतला. कापूर आतून जसा तसाच बाहेरून. पुढील विवरणकारांचा भर आंतर शौचावर अधिकाधिक पडत गेला, आणि मोक्षशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु एक साधा प्रश्न या चर्चेत बाजूस राहिला. माती आणि पाणी यांनी धुतलेला मल पुढे जातो कोठे?

पूर्वाचार्यांना हा प्रश्न पडला नाही यात त्यांची उणीव नव्हे. शुद्धी करणारी माती आणि पाणी हीच त्या मलाला पोटात घेणारीही होती. घरातून बाहेर पडणारी एकही वस्तू अशी नव्हती की जी मातीला पचत नव्हती. चुलीची राख भांडी घासण्यास जाई आणि तेथून अळ्यात जाई. कोंडा, भाजीचे देठ, उष्टे अन्न गोठ्यात जाई. पत्रावळी-द्रोण उकिरड्यावर पडत आणि वर्षभरात त्यांचे खत होऊन शेतात परत येत. फुटलेले मडके मातीचेच होते. उकिरडा हा शब्द आज तिरस्काराने उच्चारला जातो. वास्तविक तो शेताचा भांडारगृह होता. अन्नातून प्राणी, पर्जन्यातून अन्न, यज्ञातून पर्जन्य असे जे चक्र तिसऱ्या अध्यायात वर्णिले आहे, त्याची घरगुती आवृत्ती परसदारी रोज चाले. घेतलेले परत करणे यासाठी निराळा विचार करावा लागत नव्हता, कारण परत न जाणारे काही हाती येतच नव्हते.

तथापि जेथे माती-पाण्याच्या पचनशक्तीवर ताण पडण्याचा संभव होता, तेथे धर्मशास्त्र व अर्थशास्त्र गप्प बसलेले नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मल, मूत्र, थुंकी, रक्त, विष आणि अमेध्य पदार्थांनी लिप्त असे काहीही पाण्यात टाकण्यास निषेध आहे. नवव्या अध्यायातील एक विधान तर आजच्या नगरपालिकेच्या फलकावर शोभावे असे आहे. संकट ओढवलेले नसताना राजमार्गावर जो घाण टाकील त्याने दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण तत्काळ दूरही करावी. आपद्ग्रस्त, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांना दंड नाही, त्यांना शब्दांनी समज द्यावी. परंतु जागा शुद्ध झालीच पाहिजे हा नियम त्यांच्या बाबतीतही कायम ठेवला आहे. कौटिल्याने तर प्रतवारीच लावली: गल्लीत केर टाकल्यास पणाचा आठवा भाग, चिखलपाण्याने वाट अडविल्यास पाव पण, राजमार्गावर हेच केल्यास दुप्पट. या वचनांत दंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की शौचाची हद्द उंबरठ्यापाशी संपत नाही हे त्यांनी गृहीत धरलेले आहे. (याच परंपरेत घाण उपसण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले, हेही येथे लपविण्याचे कारण नाही. त्याचा विचार पुढे येईल.)

आता आजच्या गृहस्थाच्या घरातून काय बाहेर पडते ते पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालानुसार देशातील नगरांत दररोज सुमारे १ लाख ६० हजार टन कचरा निर्माण होत होता, आणि त्यांपैकी जेमतेम निम्म्यावर काही प्रक्रिया होत होती. उरलेला बहुधा गावाबाहेरच्या ढिगावर जातो. आपल्याकडील कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग स्वयंपाकघरातला, म्हणजे ओला असतो. तो उघड्यावर, हवा लागेल अशा रीतीने कुजला तर खत होते. तोच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर आणखी शेकडो टन टाकून दाबला, म्हणजे त्याला हवा मिळत नाही; मग निराळ्या जातीचे सूक्ष्म जंतू त्यावर काम करू लागतात आणि मिथेन नावाचा वायू निर्माण होतो. वातावरणातील उष्णता धरून ठेवण्याची या वायूची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २८ पट आहे, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून अधिक आहे. तो वातावरणात सुमारे बारा वर्षेच टिकतो. म्हणजे आज आवरला तर त्याचा लाभ याच पिढीला दिसेल, आणि न आवरला तर तापही याच पिढीला होईल.

हा वायू जळाऊ आहे. दिल्लीच्या गाझीपूर येथील ढीग १९८४ मध्ये सुरू झाला. २००२ मध्येच त्याची क्षमता संपली असता त्यावर कचरा पडतच राहिला. २०१९ मध्ये त्याची उंची सुमारे ६५ मीटर, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा थोडीच कमी, असल्याचे सांगितले जात होते. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा कडा ढासळून दोन माणसे मेली. २०२२ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत तो पेटला. मुंबईत देवनारचा ढीग १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तो असा पेटला की त्याचा धूर उपग्रहांच्या चित्रांत दिसला. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळ ब्रह्मपुरम येथील आग सुमारे बारा दिवस धुमसत होती. उन्हाळा जितका कडक तितका ढीग अधिक पेटतो, आणि ढीग जितका मोठा तितका उन्हाळ्याला हातभार अधिक लागतो. हेही एक चक्रच आहे. मात्र तिसऱ्या अध्यायातील नव्हे.

पावसाळ्याची कथा निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणत्याच नगराने सहन केला नसता हे खरे. परंतु प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांनी त्या दिवशी आपला वाटा उचलला. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये असे दाखविले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या गणनेप्रमाणे २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा १.५ अंशांहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. पाऊस एकदम कोसळणार आणि नाल्यात पिशवी अडकलेली असणार, हा संयोग यापुढे वारंवार घडेल.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. भारत सरकारने २०२४ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालाप्रमाणे २०२० साली देशातून झालेल्या उत्सर्जनात कचऱ्याचा वाटा अवघा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. तीन चतुर्थांश ऊर्जेचा होता. मग कोळशाच्या भट्ट्या धडधडत असताना एका गृहिणीने बटाट्याच्या साली वेगळ्या ठेवल्याने पृथ्वीचा ताप कितीसा उतरणार? असे म्हणणारा मनुष्य आळशीच असेल असे नाही; तो हिशेबी असू शकतो.

त्याच्याच हिशेबात एक दुरुस्ती प्रथम करावी लागेल. साल ती सालच. पण टाकलेला भात हा केवळ भात नसतो. त्यासाठी उपसलेले पाणी, घातलेले खत, गाडीचे डिझेल, चुलीचा गॅस हे सर्व शेती आणि ऊर्जा या सदरांत आधीच मोजले गेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या गणनेप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे साठ टक्के घरगुती स्वयंपाकघरांतून गेले. टोपलीतले अडीच टक्के दिसतात. टोपलीपर्यंत पोहोचण्याचा खर्च दिसत नाही.

परंतु ही दुरुस्ती करूनही आक्षेपाचा मूळ गाभा शिल्लक राहतो, आणि त्याला आकड्यांनी उत्तर देण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तामस कर्माचे लक्षण असे दिले आहे की ते अनुबंध, क्षय, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिले जाते. अनुबंध म्हणजे कर्माच्या पाठोपाठ बांधलेले येणारे परिणाम. लक्षात घेण्यासारखे हे की येथे कर्म किती मोठे हा प्रश्नच नाही. परिणाम मोठा असेल तर ते तामस, लहान असेल तर क्षम्य, असे गीता म्हणत नाही. परिणामाकडे न पाहणे हेच तामसत्वाचे लक्षण ठरविले आहे. पिशवीची गाठ मारून ती दाराबाहेर ठेवताना ‘ती कोठे जाईल’ हा विचार मनात येऊ न देणे, हा त्या लक्षणाचा रोजचा आणि अत्यंत साधा नमुना होय. कोळशाची भट्टी त्या गृहस्थाच्या हाती नाही. गाठ त्याच्या हाती आहे.

आणि ती कोठे जाते याला नावे आहेत. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत आला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, माशा आणि दुर्गंधी यांनी गावे हैराण झाली, आणि २०१७ मध्ये ढिगाला आग लागल्यावर ग्रामस्थांनी शहराच्या गाड्या अडविल्या. ‘देवाची’ म्हणविणाऱ्या गावाच्या वाट्याला शहराचे अमेध्य यावे, हा योगायोग कडू आहे. केरळात याहून कडू योगायोग घडला. आलप्पुळा, म्हणजे जुने आलेप्पी, या नगराचा कचरा ज्या स्थळी जात असे त्याचे नाव सर्वोदयपुरम. २०१२ च्या सुमारास तेथील रहिवाशांनी वाट रोखली. कचरा नगरात अडकला. रस्त्यांच्या कडेला आणि ज्या कालव्यांसाठी ते नगर प्रसिद्ध आहे त्यांच्या काठी ढीग साचले. प्रथमच नागरिकांना आपल्या घरातून निघालेले आपल्याच डोळ्यांसमोर पाहावे लागले.

तेथे नवे मैदान शोधण्याचा मार्ग खुला होता. बहुतेक नगरे तोच पत्करतात. आलप्पुळाने मैदान शोधले नाही. घरोघरी मातीत उभ्या रोवलेल्या नळ्या बसविल्या. एकीत ओला कचरा टाकावयाचा, ती भरली की दुसरी, तोपर्यंत पहिलीतले खत तयार. ज्यांना शक्य त्यांनी जैववायूची लहान संयंत्रे घेतली, त्यासाठी शासनाचे साहाय्य मिळाले. ज्यांच्या घराला अंगणच नाही त्यांच्यासाठी वस्तीत सार्वजनिक हौद बांधले: शेण, वाळलेला पाला आणि कचरा यांचे थर एकावर एक, हवा खेळती, सुमारे तीन महिन्यांत खत. शेण आणि पाला यांत नवे काय आहे? काहीच नाही. परसदारचा उकिरडाच तो, फक्त शास्त्रशुद्ध रीतीने आणि सर्वांच्या संमतीने नगरात परत आणलेला. जेथे पूर्वी रस्त्याच्या कडेला ढीग असे तेथेच ते हौद बांधावेत असे ठरल्यावर प्रारंभी शेजाऱ्यांनी नाके मुरडली असल्यास नवल नाही. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल जगातील ज्या पाच नगरांचा गौरवाने उल्लेख केला त्यांत या नगराचे नाव होते. छत्तीसगडातील अंबिकापूर येथे स्त्रियांच्या बचतगटांनी दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याचे व निवडण्याचे काम अंगावर घेतले, आणि जुन्या ढिगाच्या जागी उद्यान झाले.

दुसरा आक्षेप कराचा आहे. ‘नगरपालिकेला पैसे भरले आहेत, उचलणे तिचे काम.’ उचलणे तिचे काम आहेच, आणि ते न करणाऱ्या नगरपालिकेला जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्यही आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली नसती तर २००० सालचे पहिले देशव्यापी नियम कदाचित आणखी लांबले असते. परंतु एक काम असे आहे की जे पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, आणि ते म्हणजे निवडणे. ताक आणि दूध एकदा एकत्र झाले की कोणतेही यंत्र ते वेगळे करून देत नाही. ओला, सुका आणि घातक कचरा जेथे जन्मतो तेथेच, जन्मतानाच वेगळा राहू शकतो. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी ते काम घरावर सोपविले होते. घराने ते केले नाही तर ते होत नाही असेही नव्हे. ते कोणीतरी नुसत्या हातांनी करतो.

तो हात कोणाचा, हा या सर्व चर्चेतील अवघड भाग आहे. वापरलेली सुई, फुटलेली काच, रक्ताने माखलेला कापूस हे सर्व उष्ट्या भातात मिसळून एका पिशवीत घातले जाते, आणि ती पिशवी उघडणारी व्यक्ती बहुधा अशा जातीत जन्मलेली असते की जिला पिढ्यान्‌पिढ्या अपवित्र म्हटले गेले. स्वतःचे शौच राखण्यासाठी दुसऱ्याला अशौचात लोटावयाचे, आणि मग तो अशुचि आहे म्हणून त्याला दूर ठेवावयाचे, ही व्यवस्था समदर्शित्व शिकविणाऱ्या गीतेच्या कोणत्याही अध्यायातून निघत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच दारोदार कचरा गोळा करणारी त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तेव्हापासून त्या स्त्रियांनी सतत मांडलेली मागणी दयेची नाही. कचरा वेगळा करून द्या आणि घातक वस्तू बांधून, खूण करून द्या, एवढीच ती आहे.

विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, गीताई लिहिली, हे सर्वांस ठाऊक आहे. १९४६ ते १९४८ या काळात ते पवनारहून सुरगाव या खेड्यात खांद्यावर फावडे घेऊन नित्य जात आणि तेथील मैला साफ करीत, हे तितकेसे सांगितले जात नाही. त्या दोन कर्मांत त्यांना भेद वाटत होता असे त्यांच्या चरित्रावरून दिसत नाही.

आता एक व्यावहारिक प्रश्न, जो पुष्कळ सद्‌गृहस्थांना खरोखरच छळतो. घरात दोन डबे ठेवले, मुलांना शिकविले, महिनाभर नियम पाळला. आणि एके दिवशी दिसते की घंटागाडीवाला दोन्ही डबे एकाच ढिगात रिकामे करीत आहे. मग कशासाठी? येथे निष्काम कर्माचा आधार घेऊन ‘फळाची चिंता नको, आपण आपले वेगळे करीत राहावे’ असे समाधान काढले जाते. हे समाधान गीतेच्या नावावर खपणारे नाही. फलासक्ती सोडणे म्हणजे फळाविषयी बेपर्वा होणे नव्हे. तसे असते तर अनुबंधाकडे न पाहणाऱ्याला तामस म्हणण्याचे प्रयोजनच उरले नसते. कर्म सोडावयाचे नाही हे खरे. परंतु लोकसंग्रह म्हणून जे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे ते एकट्याच्या डब्यात पुरे होत नाही. गाडीवाल्याला विचारावे, बहुधा त्याच्या गाडीत दोन कप्पेच नसतात. मग शेजारच्या दहा घरांना सोबत घेऊन प्रभाग कार्यालयात जावे, आणि तेथे दाद न मिळाल्यास पुन्हा जावे. यात मानापमान गिळावा लागतो, ‘याला दुसरा उद्योग नाही’ असे ऐकावे लागते. अठराव्या अध्यायात आरंभी विषासारखे वाटणाऱ्या सुखाची जी गोष्ट आहे, तिचा अनुभव हिमालयात जाऊनच घ्यावा लागतो असे नाही.

देवकार्याच्या बाबतीत तर गृहस्थाला पालिकेकडे बोट दाखविता येत नाही, कारण तेथे यजमान तोच असतो. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडण्याचा प्रघात पडला. त्यामागील आदर खरा होता. आज ते फूल प्लास्टिकच्या पिशवीत बांधले जाते आणि पुलावरून, कधी धावत्या आगगाडीतून, पिशवीसकट नदीत भिरकावले जाते. पाण्यात अमेध्य टाकू नये या निषेधाचे उल्लंघन भक्तिभावाने होत असते. तेच निर्माल्य कुंडीतल्या तुळशीच्या मुळाशी खत होऊन गेले तर त्याच्या पावित्र्यात उणे काय पडते, हे कोणत्याही शास्त्रीबुवांना विचारून पाहावे.

महाप्रसादाचेही तसेच. पंगत उठल्यावर मागे राहिलेला ढीग पाहिला तर त्यात पत्रावळीपेक्षा चकचकीत मुलाम्याच्या ताटल्या अधिक असतात, आणि त्या ताटल्यांत निम्मा शिरा तसाच असतो. पळसाच्या पानाची पत्रावळ आजही मिळते, थोडी महाग पडते. वाढताना ‘आणखी किती’ असे विचारणारा एक मनुष्य पंगतीत, आणि उष्टे एका पिंपात व पाने दुसऱ्या पिंपात टाका असे सांगणारा एक मनुष्य हात धुण्याच्या जागेपाशी, असे दोघे उभे करण्यास उत्सव समितीला वर्गणी वाढवावी लागत नाही. पिंपापाशी उभे राहण्यास मात्र सहसा कोणी पुढे येत नाही. आरतीच्या ताटासाठी जशी चढाओढ लागते तशी तेथे अजून लागलेली नाही.